हवामान बदलाच्या नियोजनासाठी शहराने निधी कसा मागावा: पहिल्या टिपणापासून मंजुरीपर्यंत

पूर ओसरला की शहर पैसे मागतं ते नाल्यांसाठी, भिंतींसाठी, पंपांसाठी. त्यात गैर काही नाही. पाणी घरात शिरलेलं असतं आणि पुढच्या पावसाच्या आत काहीतरी उभं राहिलेलं लोकांना दिसायला हवं असतं. पण नाला किती रुंद हवा, भिंत नेमकी कुठे हवी, पंप कुठल्या पावसाला पुरे पडेल, हे ठरवायला जो पैसा लागतो तो मागायचं राहून जातं. मग पुढची पन्नास वर्षं टिकायचं बांधकाम मागच्या पन्नास वर्षांच्या पावसावर बेतलं जातं, आणि तो पाऊस आता तसा राहिलेला नाही.

२ जुलै २०११ रोजी कोपनहेगनमध्ये दोनेक तासांत सुमारे १५० मिलिमीटर पाऊस कोसळला. नुकसान सुमारे ६ अब्ज डॅनिश क्रोनरच्या घरात गेलं. त्यानंतर शहराने आधी हिशेब मांडला. नुसती भूमिगत गटारं वाढवायची तर खर्च सुमारे २० अब्ज क्रोनर. रस्ते, उद्यानं आणि तळ्यांमधून पाणी वाहू-साठू द्यायचं आणि गरज असेल तिथेच बोगदे खणायचे, तर सुमारे १३ अब्ज. २०१२चा त्यांचा ढगफुटी आराखडा या दुसऱ्या वाटेने गेला: सुमारे ३०० कामं, मुदत २० वर्षं. सात अब्जांचा हा फरक एकही कुदळ पडण्याआधी, अभ्यासातून सापडला.

अशा अभ्यासासाठी निधी कसा मिळवायचा ते इथे मांडतो. पालिकेतले अधिकारी, लोकप्रतिनिधी आणि पालिकेच्या मागे लागणारे नागरिक, तिघांनाही ते उपयोगी पडावं.

आधी निर्णय ठरवा

‘शहराचा हवामान कृती आराखडा तयार करणे’ हे उद्दिष्ट नव्हे, ते कामाचं नाव आहे. निधी देणाऱ्याला जाणून घ्यायचं असतं की हा आराखडा हातात आल्यावर शहर काय वेगळं करणार. म्हणून पहिल्या बैठकीत एकच प्रश्न घ्या: येत्या पाच वर्षांत आपण कोणते मोठे निर्णय घेणार आहोत? विकास आराखड्याची फेररचना, पर्जन्यवाहिन्यांची कामं, नव्या रुग्णालयाची जागा, बांधकाम नियमांतले बदल, पाणीपुरवठ्याचा पुढचा स्रोत, जे असेल ते लिहा. प्रत्येकापुढे तो निर्णय कोण घेणार आणि केव्हा, हेही लिहा. त्यातले जे तीन-चार निर्णय बदलत्या हवामानाने सर्वांत जास्त चुकू शकतात, त्यांच्यासाठी आराखडा मागा. बाकीचे सोडून द्यायला मन धजत नाही, पण सगळंच मागणारा प्रस्ताव कशासाठीच ठाम उभा राहत नाही.

या बाबतीत अहमदाबादचं उदाहरण मला फार मोलाचं वाटतं. मे २०१०च्या उष्णतेच्या लाटेत त्या शहरात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासात दिसलं. २०१३मध्ये शहराने उष्णता कृती आराखडा लागू केला, दक्षिण आशियातला पहिला. किती तापमानाला कोणता इशारा द्यायचा, तो कुणी कुणाला कळवायचा, रुग्णालयांनी काय तयारी ठेवायची, हे त्यात नेमून दिलं होतं. म्हणजे प्रत्येक निर्णयाला मालक होता. मोठं बांधकाम जवळपास नव्हतंच. नियोजनासाठी मागितलेला पैसा थेट माणसं वाचवू शकतो, हे पटवून द्यायची वेळ येईल तेव्हा हे उदाहरण हाताशी ठेवा.

घरात पडून असलेली माहिती उचला

सल्लागार येण्याच्या आधी दोन माणसं आणि दोन महिने या कामाला द्या. अग्निशमन दलाची वर्दीची नोंदवही, तक्रार कक्षाचे अर्ज, पंपिंग स्टेशनच्या पाळीनिहाय नोंदी, उन्हाळ्यात रुग्णालयांत दाखल झालेल्यांच्या नोंदी, वीज खंडित झाल्याच्या तारखा, पाणी भरल्याने शाळा बंद राहिल्याचे दिवस: हे सगळं शहरात कुठे ना कुठे असतं, फक्त एकत्र कधी आलेलं नसतं. दहा वर्षांच्या नोंदी एका नकाशावर टाका. शहराला आपलं दुखणं माहीत आहे की नाही हे वाचणाऱ्याला त्या नकाशावरून कळतं.

नकाशा वाचताना धोका, त्याच्या वाटेत काय येतं आणि जे वाटेत येतं ते किती नाजूक आहे, या तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. पाऊस दोन वॉर्डांत सारखाच पडला, तरी एका वॉर्डात तळमजल्यावर वाहनतळ असतो आणि दुसऱ्यात माणसं झोपलेली असतात. पाऊस हा धोका, पण जोखीम या तिन्हींच्या गुणाकारातून तयार होते. प्रस्तावांत बहुतेकदा पावसावर चार पानं आणि माणसांच्या नाजूकपणावर चार ओळी असतात. ते प्रमाण बदललं तरी प्रस्ताव उठून दिसतो.

सोबत एक स्वयंमूल्यमापन करून घ्या. संयुक्त राष्ट्रांच्या आपत्ती जोखीम निवारण कार्यालयाने शहरांसाठी गुणपत्रक तयार केलं आहे. त्याच्या प्राथमिक पातळीवर ४७ प्रश्न आहेत, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, आणि एक-दोन दिवसांच्या कार्यशाळेत ते भरून होतं. एकूण गुण किती आले याला फारसं महत्त्व देऊ नका. पाणीपुरवठा विभाग एका प्रश्नाला तीन गुण देतो आणि आरोग्य विभाग त्याच प्रश्नाला शून्य देतो, तिथे थांबा आणि का ते लिहून ठेवा. तुमच्या प्रस्तावातला सर्वांत खरा परिच्छेद तिथून येईल.

हे सगळं संपलं की एक पानाचं टिपण तयार करा: काय घडतं, कुणावर घडतं, किती वेळा घडलं, पुढे काय वाढण्याची शक्यता आहे आणि आपल्याला काय माहीत नाही. शेवटचा मुद्दा वगळू नका. जे माहीत नाही त्यासाठीच तर पैसे मागायचे आहेत.

अभ्यासात काय लागेल ते समजून घ्या, नाहीतर रक्कम चुकेल

इथे बरीच शहरं फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

पहिली गोष्ट जमिनीची उंची. उपग्रहावरून घेतलेले, ३० मीटर जाळीचे उंचीचे नकाशे फुकट मिळतात. पण त्यांत उभ्या दिशेने काही मीटरची चूक असू शकते, आणि दाट वस्तीत ते जमिनीऐवजी छपरांची किंवा झाडांच्या शेंड्यांची उंची दाखवतात. रस्त्यावर गुडघाभर पाणी कुठे साचेल हे शोधताना एवढी चूक म्हणजे सगळंच चुकलं. विमान किंवा ड्रोनवरून लेसरने केलेली मोजणी, म्हणजे लायडार, लागतेच. ती महाग असते. माहितीवरच्या खर्चात बहुधा सर्वांत मोठी रक्कम हीच असते. ती अंदाजपत्रकात धरली नाही तर पुराचं प्रतिमान, म्हणजे संगणकावर मांडलेली पुराची नक्कल, रंगीत येईल, पण त्याच्यावर विसंबून कुणाला घर हलवायला सांगता येणार नाही.

दुसरी गोष्ट पाऊस. हवेचं तापमान एक अंश सेल्सिअसने वाढलं की तिची बाष्प धरून ठेवायची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. थोड्या वेळात कोसळणारा पाऊस जोरदार होण्यामागे हे कारण आहे. शहर तुंबतं ते तासाभराच्या पावसाने, आणि जुन्या नोंदी बहुतेक दिवसभराच्या असतात. दर पंधरा मिनिटांची नोंद घेणारी स्वयंचलित पर्जन्यमापकं पहिल्याच महिन्यात बसवण्याची तरतूद करा. अभ्यास चालू असताना एक पावसाळा जरी त्यांत नोंदला गेला, तरी प्रतिमान तपासून बघायला खरी घटना हाताशी येते.

तिसरी गोष्ट भविष्याचे अंदाज. जागतिक हवामान प्रतिमानांचा एक चौकोन अनेक किलोमीटरचा असतो, कधी अख्खं शहर एकाच चौकोनात मावतं. म्हणून निदान दोन उत्सर्जन-मार्ग, म्हणजे जग पुढे किती हरितगृह वायू सोडेल याची दोन गृहीतं, घ्या, एक मधला आणि एक वाईट, आणि उत्तर एका आकड्यात न मागता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ अशा पल्ल्यात मागा. २०५० साली अमुक वॉर्डात अमुक मिलिमीटर पाऊस पडेल असं छातीठोक सांगणारा सल्लागार भेटला, तर त्याने ते कसं काढलं हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पैसा कुठे असतो

सुरुवात स्वतःच्या तिजोरीपासून करा, रक्कम लहान असली तरी. अंदाजपत्रकात हवामान नियोजनासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडलेलं आणि त्यात काही तरतूद केलेली दिसली की बाहेरचा माणूस तुमचं म्हणणं गंभीरपणे ऐकतो. बहुतेक योजनांत शहराचा हिस्सा मागितला जातोच. तो रोख नसेल तर कर्मचाऱ्यांचा वेळ, कार्यालय, आधीची सर्वेक्षणं या रूपात चालतो का, हे नियमात तपासा.

त्यानंतर देशाच्या आणि राज्याच्या योजना. हवामान विभागाच्या दारात सगळेच रांग लावतात. आपत्ती निवारण, नागरी विकास, सार्वजनिक आरोग्य आणि जलसंपदा या खात्यांकडेही अभ्यासासाठी पैसा असतो, तो फक्त ‘हवामान’ या नावाने नसतो. अहमदाबादसारखा उष्णतेचा आराखडा आरोग्याच्या दारातूनही मागता येतो.

तिसरा गट प्रकल्प-पूर्वतयारीच्या सुविधांचा. जागतिक बँक आणि युरोपीय गुंतवणूक बँक यांच्यामार्फत २०२० साली सुरू झालेला सिटी क्लायमेट फायनान्स गॅप फंड, आशियाई विकास बँकेशी जोडलेली सिटीज डेव्हलपमेंट इनिशिएटिव्ह फॉर आशिया आणि सी-४० या मोठ्या शहरांच्या जागतिक गटाची सिटीज फायनान्स फॅसिलिटी ही त्यातली ठळक नावं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या: या सुविधा बहुधा शहराच्या खात्यात रक्कम भरत नाहीत. त्या तज्ज्ञ नेमून देतात, अभ्यास करून देतात. पालिकेच्या लेखा विभागाला हे आधी सांगितलं नाही, तर ‘पैसे कधी येणार’ या प्रश्नात सहा महिने जातात. अर्जाची खिडकी सध्या उघडी आहे का, आपला देश पात्र यादीत आहे का, हे प्रस्ताव लिहायला घेण्याआधी बघा.

चौथा गट जागतिक हवामान निधींचा. हरित हवामान निधी २०१० साली स्थापन झाला. अनुकूलन, म्हणजे बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्याचं काम, त्यासाठीचा अनुकूलन निधी त्याहून जुना, हरितगृह वायू कमी करण्याच्या क्योटो करारातून आलेला. या दोन्हींकडे शहर थेट प्रकल्प घेऊन जात नाही. अर्ज मान्यताप्राप्त संस्थेमार्फत जातो आणि देशाने नेमलेल्या अधिकृत कार्यालयाची संमती लागते. हे कार्यालय बहुधा एखाद्या राष्ट्रीय मंत्रालयात असतं. आधी त्यांना भेटा, आपलं एक पानाचं टिपण द्या आणि देशाच्या अनुकूलन आराखड्यात शहरांबद्दल काय म्हटलंय ते विचारा. त्यांच्या यादीत शहराचं नाव आलं की अर्धी वाट सरते. नुसत्या नियोजनासाठी या निधींची पूर्वतयारी मदत योग्य. मोठी प्रकल्प-मदत बांधणीच्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

धर्मादाय संस्थांची मदत जलद मिळते, कागद कमी लागतात, पण ती अचानक थांबूही शकते. त्याचा मुद्दा खाली पुन्हा येईल.

प्रस्ताव लिहिताना

बहुराष्ट्रीय विकास बँका एखादा खर्च अनुकूलनाचा आहे की नाही हे तीन कसोट्यांवर ठरवतात. हवामानामुळे निर्माण झालेली जोखीम नेमकी मांडली आहे का, ती कमी करण्याचा हेतू स्पष्ट लिहिला आहे का, आणि प्रस्तावित काम त्या जोखमीशी थेट जोडलं आहे का. या बँका देवोत न देवोत, प्रत्येक प्रस्ताव या तीन कसोट्यांना लावून बघा. बहुतेक प्रस्ताव तिसरीवर पडतात. पहिल्या दहा पानांत समुद्रपातळी, उष्णता, दुष्काळ सगळं येतं आणि कामांच्या यादीत नेहमीचा रस्ता सर्वेक्षणाचा कार्यक्रम निघतो.

फरक कसा दिसतो ते पाहा. कच्चं वाक्य: ‘हवामान बदलामुळे शहरात पूर वाढत असून नागरिकांना त्रास होत आहे, तरी सर्वंकष आराखड्यासाठी निधी मिळावा.’ पक्कं वाक्य असं बांधा: ‘नदीकाठच्या अमुक वॉर्डांत गेल्या दहा वर्षांत इतक्या वेळा पाणी शिरलं, तिथे इतकी कुटुंबं तळमजल्यावर राहतात, पुढील वर्षी याच भागातील पर्जन्यवाहिन्यांची निविदा निघणार असून तिचा आकार जुन्या पावसावर ठरलेला आहे, या अभ्यासामुळे निविदेपूर्वी तो आकार बदलता येईल.’ आकडे तुमच्या नोंदवहीतले. विशेषणं शून्य. वाचणाऱ्याला आता हेही कळतं की उशीर झाला तर काय हातातून जाईल.

धोक्याचं मूळ शहराच्या हद्दीबाहेर असेल तर ते लपवू नका. २००६मध्ये सुरत बुडालं ते वरच्या अंगाच्या उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने. पुढे रॉकफेलर फाउंडेशनच्या आशियाई शहरांच्या जाळ्यातून तिथे पूर-इशारा यंत्रणेचं काम झालं, तेव्हा धरणाकडची माहिती शहरापर्यंत वेळेत पोहोचणं हाच त्याचा गाभा होता. तुमच्याकडेही धरण, रेल्वे, बंदर, वीज कंपनी अशा यंत्रणा असतील. त्यांचं सहकार्याचं पत्र प्रस्तावाला जोडा. ‘सहकार्य करू’ एवढं पुरत नाही. कोणती माहिती, किती दिवसांत, कुणाकडून मिळेल हे पत्रात असावं. अशी पत्रं मिळवायला वेळ लागतो, तेव्हा लिखाणाच्या पहिल्याच दिवशी मागायला लागा.

सर्वसाधारण सभेचा ठरावही जोडा. अधिकारी बदलतात, ठराव फायलीत राहतो.

अंदाजपत्रकात राहून जाणाऱ्या रकमा

तज्ज्ञांचं मानधन, सर्वेक्षण, प्रतिमान, अहवाल हे सगळे लिहितात. राहून जातं ते असं:

- पालिकेतल्या पूर्णवेळ समन्वयकाचा पगार, अभ्यास संपल्यानंतरच्या निदान एका वर्षासह.
- वस्त्यांमधल्या बैठकांचा खर्च: जागा, भाषांतर, मुलांना सांभाळण्याची सोय, बुडालेल्या रोजाचा मोबदला.
- माहिती साठवण्याची आणि दरवर्षी अद्ययावत करण्याची सोय.
- निवडलेल्या एक-दोन कामांचा पूर्वव्यवहार्यता अभ्यास (काम होण्याजोगं आहे का याची प्राथमिक तपासणी), म्हणजे आराखडा संपला त्या दिवशी बांधणीचा निधी मागता येईल.

पहिल्या रकमेचं मोल एका मोठ्या प्रयोगातून कळतं. रॉकफेलर फाउंडेशनने २०१३मध्ये शंभर शहरांसाठी सक्षमतेचा, म्हणजे संकट सोसून पुन्हा सावरण्याच्या ताकदीचा, कार्यक्रम सुरू केला. त्यात प्रत्येक शहरात याच कामासाठी एक मुख्य अधिकारी नेमायला मदत दिली जात होती. २०१९मध्ये तो कार्यक्रम बंद झाला. ज्या शहरांनी ते पद आधीच स्वतःच्या आस्थापनेवर घेतलं होतं, त्यांना कामाचा धागा धरून ठेवता आला. बाहेरच्या पैशातून पद निर्माण करत असाल तर ते कोणत्या वर्षी पालिकेच्या पगारपत्रकावर येईल, हे प्रस्तावातच लिहून टाका.

दुसऱ्या रकमेबद्दल माझं मत ठाम आहे. ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांना दिवसाचा रोज बुडवून फुकट माहिती द्यायला बोलावणं हा अन्याय आहे. तज्ज्ञाला मानधन आणि रहिवाशाला चहा, असं चालू देऊ नये. पाणी कुठल्या कोपऱ्यातून शिरतं, रात्री कुणाला उचलून न्यावं लागतं, कुठली गल्ली नकाशावर नाहीच, हे त्या माणसालाच ठाऊक असतं. निधी देणाऱ्याला ही ओळ खटकली तर समजावून सांगा, काढून टाकू नका.

सल्लागाराची कार्यकक्षा

मंजुरीची वाट पाहत असतानाच कार्यकक्षेचा, म्हणजे सल्लागाराने नेमकं काय करून द्यायचं याचा, मसुदा तयार करा. निवडीत दर्जाला किमतीपेक्षा बरंच जास्त वजन द्या; सर्वांत स्वस्त अभ्यास नंतर बांधकामात महाग पडतो. करारात प्रतिमानाच्या मूळ फायली, कच्ची माहिती आणि गृहीतकांची यादी शहराच्या मालकीची असेल, असं स्पष्ट लिहा. फक्त पीडीएफ अहवाल हाती आला तर तीन वर्षांनी नवा रस्ता झाल्यावर सगळं पुन्हा विकत घ्यावं लागतं. शेवटचा हप्ता अहवालाला न बांधता, पालिकेच्या दोन अभियंत्यांनी ते प्रतिमान स्वतः चालवून दाखवण्याला बांधा.

सादर केल्यावर

प्रश्न येतात, आणि ते येणं चांगलं असतं. उत्तर देणारी व्यक्ती एकच असू द्या; पाच विभागांनी पाच उत्तरं दिली की प्रस्ताव बाजूला पडतो. नकार आला तर कारण लेखी मागा. पुष्कळदा शहराच्या गरजेवर कुणाचा आक्षेप नसतो. काम त्या निधीच्या चौकटीत बसत नसतं, किंवा हिस्सा कमी असतो, किंवा संमतीपत्र आलेलं नसतं. एक पानाचं टिपण, नकाशा आणि ठराव तेच ठेवून दुसऱ्या दारात जाता येतं, म्हणून हे तीन कागद कुठल्याही एका निधीच्या नमुन्यात अडकवून ठेवू नका.

मंजुरी आली की पहिल्या महिन्यात दोन कामं उरका. पर्जन्यमापकं बसवा, आणि ज्या विभागाची निविदा या अभ्यासाने बदलणार आहे त्याच्या प्रमुखाला सुकाणू समितीत घ्या. निविदेचं वेळापत्रक आणि अभ्यासाचं वेळापत्रक एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडा. अभ्यासाचा अंतरिम निष्कर्ष निविदेच्या तारखेनंतर येत असेल, तर दोन्हींपैकी एक तारीख त्याच बैठकीत हलवून घ्या आणि इतिवृत्तात नोंदवा.